टनाला तीन लिटर

जावयाने सासऱ्याला चोर म्हणावं, आणि तेही "अहो मामा, अहो मामा" करत, हे ऐकायला निंबा सोनवणे जगला होता. सरळ शिवी हासडली असती तर परवडलं असतं. शिवीला शिवी देता येते. पण समोरचा माणूस हात जोडून, मान लववून, गोड आवाजात तुमची अब्रू काढत असेल तर करायचं काय? आणि तो जावई असेल तर? अधिक महिन्यात ज्याचे पाय धुऊन पाटावर बसवलं, धोंड्याचं ताट वाढलं, त्याच्यावर आवाज चढवायचा नसतो. खान्देशातल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही. सुरतेत येऊन तीस वर्षं झाली म्हणून ते सुटतही नाही.

इच्छापोरच्या त्या फॅब्रिकेशन यार्डात निंबा बावीस वर्षं रंगकाम करत होता. लोखंडी प्लेटा कापायच्या, वाकवायच्या, जोडून त्यांच्या टाक्या नाहीतर हवेची भलीमोठी नळकांडी बनवायची, आणि माल बाहेर पडायच्या आधी त्याला दोन्ही अंगांनी लाल प्रायमर मारायचा. तो मारणाऱ्या सात जणांच्या टोळीचा निंबा मुकादम. शाळा नववीत सुटली, पण हात असा बसलेला की रंगाची गन चालवताना ओघळ म्हणून येत नसे. त्याच यार्डात जावई योगेश स्टोअरकीपर. त्याला तिथे चिकटवला कोणी? निंबानेच. साहेबांच्या दहा वेळा पाया पडून. हे योगेशला विसरता येत नव्हतं आणि निंबा विसरू देत नव्हता. दोघांचं मूळ दुखणं तेच.

शुक्रवारी सकाळी निंबा नव्या लॉटसाठी पहिला ड्रम मागायला स्टोअरच्या खिडकीपाशी गेला. मागे टोळीतला भिकन आणि वेल्डिंगची चार पोरं हातमोजे घ्यायला उभी होती.

"ड्रम नाही मिळणार, मामा," योगेश म्हणाला.

"संपले का, बापू?"

"संपलेत कसले. तुम्ही आधी मागचा हिशेब द्या ना." योगेशने वही फिरवून खिडकीतून बाहेर सरकवली. "आपली रीत काय? टनाला तीन लिटर. गेला माल साठ टन. म्हणजे एकशे ऐंशी लिटर. वीस लिटरचा एक ड्रम, म्हणजे नऊ ड्रम. तुमच्या सहीने गेलेत एकोणीस. माझं गणित कच्चं असेल, तुम्ही वडीलधारे आहात, तुम्हीच सांगा. वरचे दहा ड्रम कुठे आहेत?"

"प्लेटांवर आहेत. जाऊन बघा."

"प्लेटांवर नऊ आहेत, मामा. दहा विचारतोय मी."

"माल पातळ होता. पातळ माल रंग पितो. हे मी पहिल्याच आठवड्यात तुम्हाला सांगितलं होतं."

योगेश मागच्या पोरांकडे बघून हसला. "लोखंड रंग पितं म्हणे. आम्ही ऐकलं होतं, रंगारी पितात."

पोरं हसली. भिकन हसला नाही, पण त्याने नजर खाली घातली आणि ते निंबाला जास्त झोंबलं. त्याच्या घशाशी आलं होतं की म्हणावं, अरे, तुझ्यासारख्याला या खिडकीमागे बसवलं कोणी? पण तोंडातून निघालं ते एवढंच, "बापू, तोंड सांभाळून बोला."

"मी कुठे काय बोललो? मी मामाच म्हणतोय."

अकरा वाजता कापडिया साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब मूळचे सुरतचे, डिप्लोमा इंजिनिअर, वाईट माणूस नव्हे, पण वरून कोणीतरी विचारलेलं असलं की त्यांचा आवाज पातळ होत असे. ते म्हणाले, "निंबाभाई, वजन तो वजन है. साठ टन माने साठ टन. पातळ हो के जाडा हो, लोहा तो उतना ही है ना?" निंबाने पुन्हा तेच सांगितलं, की पातळ माल रंग जास्त घेतो. साहेबांनी विचारलं, किती जास्त? का? ते निंबाला सांगता येईना. बावीस वर्षं हाताला कळत होतं ते तोंडाला कळत नव्हतं. शेवटी साहेब म्हणाले, सोमवारी सकाळपर्यंत दहा ड्रमांचा जाब द्या. नाहीतर गेट पास काढून घेईन आणि हजीरा लाईनवरच्या सगळ्या ठेकेदारांना नाव कळवीन. चोर म्हणून एकदा नाव गेलं की त्या रस्त्यावर कोणी ब्रश हातात देणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. योगेश बाजूला हाताची घडी घालून उभा होता. त्याने तेवढ्यात साहेबांसाठी पाण्याचा ग्लास भरला.

डिंडोलीच्या घरी निंबा चपला न काढता आत आला तेव्हा शोभाबाई तांदूळ निवडत बसली होती. नवऱ्याचा चेहरा बघून तिने सूप खाली ठेवलं.

"काय व्हयनं? तोंड का बरं उतरेल शे?"

"तुन्हा जवाईले इचार," निंबा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. शोभाबाईने ऐकून घेतलं आणि पहिली गोष्ट काय म्हणावी? "उगा भांडू नका. पोरनं घर शे ते." निंबाच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरीचं घर, पोरीचं घर. पोरीच्या घरासाठी माणसाने थुंकी झेलायची का? त्या रात्री आणि शनिवारी दिवसभर तो घरात कोणाशी धड बोलला नाही. चहा गार झाला म्हणून ओरडला, गरम दिला तर जिभेला चटका बसला म्हणून ओरडला.

रविवारी शीतल आली. निंबाची थोरली, योगेशची बायको. बी.एस्सी. फिजिक्स, पलसाण्याला सासरच्या पुढच्या खोलीत अकरावी-बारावीच्या पोरांना शिकवायची. आईने फोन केला म्हणून आली होती, आणि येतानाच तोंड फुगवून आली होती.

"मला तुमच्या दोघांच्या मध्ये ओढू नका," तिने पिशवी टेकवायच्या आधीच सांगून टाकलं. "घरी त्यांचं ऐकायचं, इथे तुमचं. ते म्हणतात तुझ्या बापाने दहा ड्रम खाल्ले. तुम्ही म्हणणार तुझा नवरा हलकट. मी कोणाचं ऐकायचं?"

"मी हलकट म्हटलेलं नाही अजून," निंबा म्हणाला. "म्हणायचंय. पण जावई आहे."

"बघा."

"शीतल, एक सांग मला. तू शिकलीस. साठ टन लोखंड. कधी नऊ ड्रम लागतात, कधी एकोणीस. का? मला कळतं, पण सांगता येत नाही. साहेब म्हणतो वजन ते वजन."

शीतल काहीतरी टाकून बोलणार होती. पण प्रश्न समोर आला की तिला राहवत नसे. तो तिचा लहानपणापासूनचा रोग. तिने विचारलं, "जाडी किती होती प्लेटची?"

"पाच एमएम."

ती उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. शोभाबाई पोळ्या लाटत होती. शीतलने कणकेचे दोन सारखे गोळे उचलले, एक तळहाताने दाबून जाडसर ठेवला आणि दुसरा आईला लाटायला लावला, पार पातळ. "आई, दोन्ही सारखंच पीठ. दोन्ही अंगांनी तेल लावायचंय. कशाला जास्त लागेल?"

"पातळले. यामां काय इचारानं?"

"झालं," शीतल म्हणाली. "आईने गणित सोडवलं. आता आकडे घालू."

तिने वहीचा कागद फाडला आणि जमिनीवर मांडी घातली. निंबा तिच्या समोर उकिडवा बसला. ती बोलत बोलत लिहीत होती, वर्गात शिकवतात तशी, आणि राग थोडा वेळ बाजूला राहिला होता.

"एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच असा लोखंडाचा ठोकळा घेतला तर तो भरतो सात हजार आठशे पन्नास किलो. ही झाली घनता. मग एक टन, म्हणजे हजार किलो, किती जागा घेईल? हजार भागिले सात हजार आठशे पन्नास. शून्य पूर्णांक एकशे सत्तावीस घनमीटर. हे आकारमान. प्लेट पातळ असो, जाड असो, एका टनाचं आकारमान बदलत नाही. साहेब बोलतात ते इथपर्यंत खरं आहे."

"मग खोटं कुठे आहे?"

"रंग आकारमानाला लागत नाही, बाबा. रंग वरच्या पृष्ठभागाला लागतो. आता हेच लोखंड पाच मिलिमीटर जाडीत पसरवा. आकारमानाला जाडीने भागायचं. साडेपंचवीस चौरस मीटर. दोन्ही अंगं धरली की एक्कावन्न. तुमचा एक लिटर किती जागा रंगवतो?"

"आठ मीटर. ना कमी ना जास्त."

"एक्कावन्न भागिले आठ. टनाला जवळजवळ सहा पूर्णांक चार लिटर. तीन नाही. साठ टनांना तीनशे ब्याऐंशी लिटर." तिने वीसने भागलं आणि खाली रेघ ओढली. "एकोणीस ड्रम. वर दोन लिटर."

निंबा त्या रेघेकडे बघत राहिला. "ते दोन लिटर आम्ही ड्रम पुसून काढले," तो म्हणाला. दोन दिवस छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं होतं, ते हललं. त्याला वाटलं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवावा, पण त्याला तसलं काही कधी जमलं नव्हतं. तो शोभाबाईला ओरडून म्हणाला, "पोरले चहा दे ना."

शीतल अजून कागदातच होती. "पण ही टनाला तीन लिटरची रीत आली कुठून?"

"जुन्या साहेबाने बांधली. तेव्हा सगळा माल बारा एमएमचा. टाक्यांचा."

तिने बाजूला झरझर लिहिलं. "बाराला एकवीस मीटर. दोन पूर्णांक सात लिटर. हो, म्हणून तीन. बाराला ठीक आहे. मग मागच्या वर्षी काय होतं?"

"क्रेनच्या पायाच्या प्लेटा. वीस एमएम. दोनशे टन."

तिने खाली एक ओळ लिहिली. मग पेन थांबलं. तिने ती ओळ दोनदा वाचली, तेवढी पट्टी फाडली आणि मुठीत चुरगळली. बापाकडे न बघता ती म्हणाली, "बाबा, हा कागद साहेबाला दाखवू नका."

"काय?"

"नका दाखवू. दुसरं काहीतरी सांगा. गन खराब होती, रंग उडाला, वाया गेला. दंड घ्या म्हणावं. पण हे गणित काढू नका तिथे."

निंबाला आधी कळलंच नाही. मग कळलं असं त्याला वाटलं, आणि त्याचं डोकं फिरलं. "नवऱ्याची अक्कल निघेल म्हणून? चार लोकांत त्याची शोभा होईल म्हणून बापाने चोर व्हायचं?"

"तसं नाही. ऐकून घ्या. हे गणित एका बाजूनेच..."

"बस. पुरे झालं. शिकवलं ते यासाठी? उन्हात पत्र्यावर उभं राहून तुझी कॉलेजची फी भरली, ती यासाठी?"

"बाबा, मागच्या वर्षी तुम्ही..."

"मागचं काढू नकोस. मागचं काढलं तर तुझ्या नवऱ्याला तिथे कोणी चिकटवलं ते पण निघेल." त्याने तिच्या हातातून कागद ओढून घेतला. कोपरा फाटला.

शीतल उभी राहिली. रागावली की ती अगदी बापासारखी दिसत असे. "तुम्ही दोघं सारखेच आहात," ती म्हणाली. "समोरचा बोलतोय ते शेवटपर्यंत ऐकायचंच नाही. दाखवा मग. नाचवा तो कागद. माझं नाव मात्र घेऊ नका तिथे." चहा तसाच राहिला. शोभाबाई दारापर्यंत तिच्या मागे धावली आणि मग परत येऊन नवऱ्याला जे बोलली ते बोलली. निंबाने कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात घातला आणि वरून बटण लावलं.

सोमवारी तो धुतलेला सदरा घालून यार्डात गेला. साहेबांच्या केबिनच्या भिंतीवर पांढरा फळा होता. योगेश आधीच येऊन बसला होता, मांडीवर वही. भिकनला निंबाने मुद्दाम बरोबर आणलं होतं. ज्याने अपमान ऐकला त्याने हेही ऐकावं.

"साहेब, माझं अक्षर वाईट आहे," निंबा हिंदीत म्हणाला. "स्टोअरकीपरना सांगा फळ्यावर लिहायला. मी बोलतो."

साहेबांनी मान हलवली. योगेशने पेन घेतलं. निंबाने कागद डोळ्यांसमोर धरला आणि एकेक ओळ सांगू लागला. घाई केली नाही. अशी संधी आयुष्यात एकदाच येते आणि निंबाने ती पुरेपूर वापरली. "लिहा, बापू. हजार. आता भागिले. बापू, भागाकाराची खूण येते ना? सात हजार आठशे पन्नास. नीट काढा, पाच वाकडा झाला तुमचा." योगेशची कानशिलं लाल झाली होती. पाच मिलिमीटरची ओळ झाली, एक्कावन्न झाले, आठने भाग गेला. शेवटी निंबा म्हणाला, "आता वीसने भागा आणि काय येतं ते मोठ्याने वाचा. भिकनला ऐकू गेलं पाहिजे."

योगेश फळ्याकडे तोंड करून म्हणाला, "एकोणीस."

"किती?"

"एकोणीस, मामा."

"आणि त्या दिवशी खिडकीत काय म्हणाला होतात? रंगारी पितात. हो ना? पोरांना पण बोलवू का ऐकायला?"

साहेब खुर्चीतून उठले होते. त्यांनी कपाळाला हात लावला. इंजिनिअर माणूस, दोन ओळींतच त्यांच्या लक्षात आलं होतं. "निंबाभाई, माफ करजो," ते म्हणाले. "ये तो मुझे दिखना चाहिए था. टन पे रंग देना ही गलत है. एरिया पे देना चाहिए." मग योगेशकडे वळून कडक आवाजात म्हणाले, "और तुमने बिना सोचे आदमी को चोर बोल दिया."

निंबाला वाटलं, आता इथेच प्राण गेला तरी चालेल. भिकन गालात हसत होता. योगेशने पेनाचं टोपण लावलं.

"रुको," साहेब म्हणाले. "अब नया रूल बनाते हैं. आज ही." भल्या माणसाला चूक सुधारायची घाई झाली होती. त्यांनी योगेशच्या हातातलं पेन घेतलं आणि फळ्यावर जाडीचा तक्ता पाडला. पाचला सहा पूर्णांक चार. आठला चार. बाराला दोन पूर्णांक सात, म्हणजे जुनी रीत बाराला बरोबर. सोळाला दोन. वीसला एक पूर्णांक सहा. लिहिता लिहिता ते स्वतःशी बोलत होते, आणि वीसच्या ओळीवर त्यांचा हात थांबला.

"योगेश, पिछले साल वो क्रेन वाला काम. बीस एमएम था ना?"

"हो, साहेब."

"कितना टन?"

"दोनशे."

"रंग कितना दिया?"

योगेशने वही उघडली नाही. त्याला पाठ होतं. "तीस ड्रम."

साहेबांनी भागाकार केला. तोंडातल्या तोंडात. मग फळ्यावर लिहिलं: लागले सोळा. गेले तीस. आणि मधल्या जागेत आकडा काढला, चौदा. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि निंबाकडे वळून पाहिलं. मघाची माफी चेहऱ्यावरून अजून पुरती उतरली नव्हती. "निंबाभाई," त्यांनी हळू विचारलं, "ये चौदह कहाँ गए?"

निंबाच्या ध्यानीमनीही नव्हतं. शीतल काय सांगत होती ते त्याला त्या क्षणी कळलं, शब्दन्शब्द कळलं.

त्या नेण्याला त्याने कधी चोरी म्हटलंच नव्हतं. सगळ्या रंगाऱ्यांत चालत आलेली गोष्ट. तळाला उरलेला रंग रंगाऱ्याचा. मागच्या वर्षी तो रोजच उरायचा. अर्धा ड्रम, पाव ड्रम. एकत्र ओतायचा, झाकण ठोकायचं. आणि जायचा कुठे? योगेशच्या भावाचं पलसाण्याला ग्रिलचं वर्कशॉप होतं. दारं, खिडक्या, जिन्याचे कठडे. लाल प्रायमर तिथे लागायचाच. योगेश स्वतः गेटची पावती करायचा, "रिकामे ड्रम" म्हणून, आणि भावाचा टेम्पो यायचा. "मामा, या आठवड्यात अजून एक बघा ना," असंही म्हणायचा. निंबाने स्वतःच्या घरी त्यातला थेंब नेला नव्हता. लेकीच्या घरी जातंय, एवढंच त्याच्या मनात. आणि यंदा पातळ मालात काही उरलं नाही, टेम्पो रिकामा गेला, तेव्हा योगेशला वाटलं असणार, सासरा आता बाहेर विकतो. म्हणूनच तर तो एवढा चवताळला होता.

निंबाने जावयाकडे पाहिलं. योगेशने वही छातीशी धरली होती आणि तो निंबाच्या तोंडाकडे बघत होता. एक वाक्य पुरे होतं. एक पावती काढा म्हटलं असतं तरी पुरलं असतं. योगेशची नोकरी गेली असती, भावाच्या वर्कशॉपात पंचनामा झाला असता, आणि मग त्या घरात शीतलचं काय झालं असतं? तुझ्या बापाने बुडवलं, हे तिने जेवताना, झोपताना, आयुष्यभर ऐकलं असतं. निंबाच्या जिभेवर ते वाक्य आलं होतं. त्याला ते बोलायची इतकी इच्छा होती की दात दुखले.

"मी नेले," तो म्हणाला.

"बेच दिए?"

"हो. विकले."

"गेट से कैसे निकले?"

"रिकाम्यांत मिसळून. वरून झाकण लावून. स्टोअरला काय कळणार, त्यांनी आपली रिकाम्याची पावती केली."

भिकनने मान वळवली. टेम्पोवर ड्रम चढवायला तोच असायचा. तो दार उघडून बाहेर गेला.

साहेब खिडकीकडे तोंड करून म्हणाले, बावीस वर्षं झाली, पोलीस बोलवत नाही, ठेकेदारांनाही काही कळवत नाही. जे केलं ते लिहून द्या, पास ठेवा आणि जा. त्यांचा फोन वाजला आणि ते तो घेऊन बाहेर पडले. निंबाच्या जवळून जाताना त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

केबिनमध्ये सासरा आणि जावई दोघंच उरले. योगेशने कोरा कागद घेतला आणि लिहायला बसला. त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं. त्या अक्षरावरच निंबाने त्याला पसंत केलं होतं. लिहून झाल्यावर त्याने कागद फिरवून सरकवला आणि वर पेन ठेवलं.

"सही करा, मामा."

निंबाने वाचायला घेतलं. हिंदी होती, बोट ठेवून ठेवून वाचली. मैं निंबा सोनवणे कबूल करता हूँ. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. "चोवीस?"

"चौदा आणि दहा."

"दहा सुटले ना. तुम्हीच लिहिलंत फळ्यावर. तुम्हीच वाचलंत."

योगेशने आवाज खाली आणला. "ते दहा सुटले की मी सापडतो, मामा. वरचे लोक विचारतील, स्टोअरकीपरला रीत चुकलीय हे कळलं नाही? खोटी तक्रार का केली? त्यापेक्षा सगळं एकाच कागदावर मिटून जाईल. तसंही तुम्ही जाताच आहात. दहाने काय फरक पडतो?"

"साहेबाने फळा बघितलाय."

"साहेब फाईलला कागद लावतात, फळा लावत नाहीत." मग तो अगदी मऊपणे म्हणाला, "शीतलचा विचार करा."

निंबाने या माणसाचे पाय धुतले होते. आता त्याच्या तोंडात मारता आलं असतं, केबिनमध्ये कोणी नव्हतं. त्याने पेन उचललं. चोवीसवर आडवी रेघ मारली, दाबून, कागद फाटेल इतकी. वर आपल्या वाकड्या अक्षरात लिहिलं, चौदा. खाली सही केली. मग कागद परत फिरवला.

"मी जे नेलं ते कोणासाठी नेलं ते तुम्हाला माहीत आहे. ते मी माझ्या अंगावर घेतलं. न नेलेलं घेणार नाही. एक लिटर नाही," तो म्हणाला. "खाडाखोडीच्या बाजूला स्टोअरकीपरची सही लागते, बापू. करा."

"मामा, हे बघा..."

"करा, नाहीतर साहेब परत आले की मी पावत्या काढायला सांगतो."

योगेशने सही केली. अक्षर या वेळी तितकं चांगलं आलं नाही. निंबाने गळ्यातला पास काढून कागदावर ठेवला आणि बाहेर आला. ऊन तापलं होतं. नळाजवळ भिकन उभा होता, रडल्यासारखं तोंड करून.

"मुकादम, सुटलात का?"

"दहा ड्रमांतून सुटलो," निंबा म्हणाला आणि गेटकडे चालू लागला.